वीजघर ठाकुर्लीत की चाकांवर?

१/
डोंबिवली सोडून कल्याणकडे निघालेली धीमी लोकल ठाकुर्लीला जेमतेम क्षणभर थांबते. बहुतेक प्रवाशांच्या लेखी हे दोन मोठ्या शहरांमधले एक छोटे स्थानक. पण एके काळी घाटाकडे धावणाऱ्या विजेच्या गाड्यांची ताकद याच गावात कोळसा जाळून तयार होत असे. हा थ्रेड त्या वीजघराचा आहे, आणि त्याच्या निमित्ताने उभ्या राहणाऱ्या एका जुन्या प्रश्नाचा: गाडीला लागणारी शक्ती नेमकी कुठे तयार व्हावी?

२/
या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. एक, इंजिनाने आपले इंधन आणि आपली भट्टी बरोबर वाहून न्यावी. वाफेचे आणि डिझेलचे इंजिन हेच करते. दुसरे, वीज दूर कुठेतरी तयार व्हावी आणि इंजिनाने ती तारेतून घ्यावी. मग तिसरे उत्तर आपोआप सुचते: एकाच इंजिनात दोन्ही सोयी का करू नयेत? कागदावर हे उत्तर सर्वांत शहाणे दिसते. इतिहासात मात्र ते सर्वांत महागड्या उत्तरांपैकी एक ठरले.

३/
आधी भूगोल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. कल्याणला वाट फुटते. एक फाटा कसाऱ्यावरून थळ घाट चढून इगतपुरीकडे जातो, दुसरा कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे. बोरघाटाची वाट १८६३ मध्ये आणि थळ घाटाची १८६५ मध्ये खुली झाली. दोन्हीकडे चढ असा की दर ३७ फुटांना गाडीला एक फूट वर उचलावे लागते. वाफेच्या इंजिनांची दमछाक इथेच होई.

४/
३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातील पहिली विजेची गाडी धावली. तारेतला दाब होता १५०० व्होल्ट आणि प्रवाह एकदिश, म्हणजे डीसी. ही निवड त्या काळाला धरूनच होती. डीसी मोटर ओढायला दणकट, वेग बदलायला सोपी. ब्रिटनमध्ये सर अलेक्झांडर केनेडी यांच्या समितीनेही याच सुमारास १५०० व्होल्ट डीसीची शिफारस केली होती. एका निर्णयाने पुढची नव्वद वर्षे बांधली जात आहेत, याची कल्पना त्या वेळी कुणाला असणे शक्य नव्हते.

५/
तार टांगली, पण तारेत वीज कुणाची? मुंबईजवळ टाटांची जलविद्युत केंद्रे होती: खोपोली १९१५ पासून, भिवपुरी १९२२ पासून, भिरा १९२७ पासून. बीबीसीआय रेल्वेने, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेने, १९२८ मध्ये कुलाबा–बोरीवली मार्गावर विजेच्या गाड्या सुरू केल्या तेव्हा टाटांची वीज विकत घेतली. जीआयपी रेल्वेचा कारभार १ जुलै १९२५ पासून सरकारच्या हाती आला होता. कल्याणपलीकडच्या घाटांसाठी तिने वेगळा मार्ग धरला: रेल्वेने स्वतःचेच औष्णिक वीजघर बांधायचे.

६/
ते उभे राहिले ठाकुर्लीला, १९२९ मध्ये. शेजारच्या चोळेगावावरून लोक त्याला चोळा पॉवर हाऊस म्हणत. नकाशा पाहिला की जागेचे मर्म कळते. कल्याणचा फाटा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वीज दोन्ही घाटांकडे आणि मुंबईकडेही नेता येई. बाष्पित्रांना आणि यंत्रे थंड ठेवायला उल्हास नदीचे पाणी. आणि कोळसा आणायला रेल्वेचेच रूळ. पूर्वी जो कोळसा शेकडो इंजिनांच्या भट्ट्यांमध्ये फावड्याने लोटला जाई, तो आता एका ठिकाणी जळू लागला.

७/
१९२९–३० मध्ये तारा पुणे आणि इगतपुरीपर्यंत पोहोचल्या. घाटात मालगाड्या ओढायला 'ईएफ/१' जातीची इंजिने आली. पुढे तीच डब्ल्यूसीजी-१ म्हणून ओळखली गेली. ताकद सुमारे २६०० अश्वशक्ती. त्यांचा खरा चमत्कार चढावर नव्हे, तर उतारावर दिसे. घाट उतरताना त्यांच्या मोटरी जनित्रासारख्या फिरत, वेग आवरत आणि तयार झालेली वीज तारेत परत सोडत. खाली येणारी गाडी वर जाणाऱ्या गाडीला हात देई. भट्टी पाठीवर वाहणाऱ्या वाफेच्या इंजिनाला हे कधीच शक्य नव्हते.

८/
१ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली, ती याच विजेच्या बळावर. पण या व्यवस्थेची एक मर्यादा पहिल्या दिवसापासून तिच्यासोबत होती. वीज दूर न्यायची तर दाब जास्त हवा. दाब कमी असेल तर तेवढीच शक्ती पोहोचवायला प्रवाह वाढवावा लागतो, आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

९/
आकड्यांत पाहू. ४६०० अश्वशक्ती म्हणजे साधारण ३४३० किलोवॅट. १५०० व्होल्टवर एवढी शक्ती घ्यायला सुमारे २३०० अँपिअर प्रवाह लागतो; २५,००० व्होल्टवर केवळ १३७. दाब सुमारे सतरापट वाढला की त्याच तारेतली उष्णतेची गळती पावणेतीनशे पटींहून अधिक कमी होते. म्हणूनच डीसी मार्गावर तांब्याच्या जाड तारा आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रे लागत. गर्दीच्या मुंबईला हा खर्च परवडला. शेकडो किलोमीटरच्या लांब मार्गांना तो परवडणारा नव्हता.

१०/
१९५७ मध्ये भारतीय रेल्वेने नव्या विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्ट एसी, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह, स्वीकारला. फ्रेंच रेल्वेचे तांत्रिक साहाय्य त्यासाठी घेतले गेले. निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे मुंबईच्या भोवती एक अदृश्य कुंपण उभे राहिले. आत जुने डीसी, बाहेर नवे एसी. इगतपुरीला हे दोन प्रवाह भेटत. पश्चिम रेल्वेवर विरारला. आणि पुण्याला तर तारच संपे. पुढे दौंड–सोलापूरकडे गाडी न्यायची तर डिझेल इंजिन जोडावे लागे.

११/
डिझेल इंजिन म्हणजे काय? नावावरून ते विजेच्या इंजिनाचे प्रतिस्पर्धी वाटते. प्रत्यक्षात ते विजेवरच चालते. डिझेलचे यंत्र उभ्या स्थितीतून भार ओढू शकत नाही. ते आधी ठरावीक वेगाने फिरत असावे लागते. म्हणून ते थेट चाकांना जोडत नाहीत. ते जनित्र फिरवते, जनित्राची वीज मोटरींना मिळते आणि मोटरी चाके फिरवतात. थोडक्यात, डिझेल इंजिन म्हणजे चाकांवर ठेवलेले छोटे ठाकुर्ली.

१२/
आणि वीजघर पाठीवर घेण्याची किंमत मोजावी लागते. आजची दोन इंजिने घ्या. डब्ल्यूएपी-७ विजेचे, डब्ल्यूडीपी-४डी डिझेलचे. दोघांचेही वजन सुमारे १२३ टन, दोघांनाही सहा आस. विजेच्या इंजिनाची ताकद सहा हजार अश्वशक्तीहून अधिक, डिझेलची ४५००. फरक गेला कुठे? यंत्र, जनित्र, थंड ठेवणारे रेडिएटर आणि तेलाची टाकी यांत. शिवाय विजेचे इंजिन चढावर थोडा वेळ जास्तीची वीज तारेतून ओढून घेऊ शकते. डिझेलला आपल्या यंत्राबाहेर जाता येत नाही.

१३/
मग डिझेल टिकले का? कारण ते तार मागत नाही. तारेचा खर्च किलोमीटरमागे होतो. दिवसातून एक गाडी जावो की शंभर, खांब तितकेच लागतात. डिझेलचा खर्च गाडीमागे होतो. म्हणून वर्दळीच्या मार्गावर तार स्वस्त पडते, विरळ मार्गावर डिझेल. पंचाईत होते ती दोन्ही प्रकारच्या मार्गांवरून जाणाऱ्या गाडीची. शिवेवर पोहोचल्यावर तिने काय करायचे?

१४/
पहिला उपाय, इंजिन बदलणे. पुण्याला हेच चाले. गाडी थांबवा, विजेचे इंजिन सोडवा, बाजूच्या रुळावर न्या, डिझेल आणून जोडा, ब्रेकचा दाब तपासा, मग निघा. इंजिने साधी आणि हलकी राहतात, हा लाभ. पण वेळ जातो, फलाट अडतो, शिवेवर दोन्ही जातींची जादा इंजिने राखून ठेवावी लागतात आणि त्यांचे चालकही.

१५/
दुसरा उपाय, तार असूनही डिझेलच चालवणे. कोकणात जाणाऱ्या गाड्यांनी वर्षानुवर्षे हेच केले. कल्याण शेडची डिझेल इंजिने मुंबईहूनच गाडी घेऊन निघत, ठाणे–दिवा–पनवेलपर्यंत तारेखालून धूर सोडत जात आणि मग बिनतारेच्या कोकणात उतरत. डोक्यावर फुकटात उपलब्ध असलेली तार, आणि खाली जळणारे डिझेल. वरवर हा मूर्खपणा वाटतो. पण मुंबईच्या गच्च भरलेल्या फलाटांवर इंजिन बदलण्याचा वेळ वाचवणे डिझेलहून मोलाचे होते.

१६/
तिसरा उपाय, दुहेरी इंजिन. त्यात बरेच भाग सामाईक राहतात: चाके, मोटरी, ब्रेक, चालकाची खोली. डिझेल इंजिन मुळात विजेवरच चालत असल्याने मोटरींना वीज जनित्राकडून येते की तारेकडून, याने फरक पडत नाही. पण त्यांच्या अलीकडचे सारे दुप्पट होते. पेंटोग्राफ, रोहित्र आणि विजेचे रूपांतरक एका बाजूला. डिझेल यंत्र, जनित्र, रेडिएटर आणि टाकी दुसऱ्या बाजूला. कोणत्याही क्षणी यातले निम्मे सामान फुकटचे प्रवासी असते.

१७/
आणि रेल्वेत फुकटचा प्रवास महाग पडतो, कारण रुळांची सहनशक्ती ठरलेली असते. एका आसाने किती टन भार द्यायचा याला मर्यादा आहे. इंजिनाचे वजन म्हणजे जणू ठरलेला पगार: एका खर्चाला वाढ दिली की दुसऱ्याला कात्री. दुहेरी इंजिन बांधणाऱ्याला म्हणूनच एक प्रश्न टाळता येत नाही. दोन्ही बाजू दुबळ्या ठेवायच्या, की एक सबळ आणि दुसरी नावापुरती?

१८/
ब्रिटनने १९६२ मध्ये दुसरा पर्याय निवडला. दक्षिण इंग्लंडमध्ये वीज तारेऐवजी रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून मिळे. पण गोदामे, बंदरे आणि यार्डांमध्ये तो रूळ नव्हता. त्यासाठी बांधलेले 'क्लास ७३' विजेवर १६०० अश्वशक्ती देई आणि डिझेलवर फक्त ६००. त्याच्याकडून डिझेलवर लांबचा पल्ला गाठण्याची अपेक्षाच नव्हती. शेवटचे चार रूळ ओलांडले की काम झाले. अपेक्षा मर्यादित ठेवली, म्हणूनच ते इंजिन यशस्वी ठरले.

१९/
न्यूयॉर्कची गोष्ट याच्या उलट. १९०२ मध्ये पार्क अव्हेन्यूच्या बोगद्यात धुरामुळे सिग्नल न दिसून भीषण अपघात झाला आणि १९०८ पासून शहरात वाफेच्या इंजिनांना बंदी आली. न्यू हेवन रेल्वेने मग विजेची कास धरली आणि कॉस कॉब येथे स्वतःचे वीजघर बांधले. अमेरिकेतले ते ठाकुर्लीच. पन्नास वर्षांनी ते जुने झाले, दुरुस्तीला पैसा नव्हता. कंपनीने १९५६ ते १९६० दरम्यान साठ दुहेरी इंजिने घेतली: 'एफएल-९'.

२०/
हेतू असा की डिझेलवर थेट न्यूयॉर्कपर्यंत यायचे, केवळ शेवटच्या बोगद्यांत तिसऱ्या रुळावरची वीज घ्यायची, आणि इंजिन बदलणे व जुने वीजघर, दोन्ही खर्च टाळायचे. पण वजनाने आपला हिशेब मागितलाच. जादा भार पेलण्यासाठी इंजिनाच्या मागच्या बोगीला दोनऐवजी तीन आस द्यावे लागले. तारा असलेल्या मार्गावरही गाड्या डिझेल जाळत धावल्या. दुहेरी इंजिन इथे प्रगतीची पायरी नव्हते; आधीच्या पिढीने उभारलेले सांभाळता न आल्याची ती कबुली होती.

२१/
आता पुन्हा मुंबई. इथल्या मुख्य शिवांवर पेच वेगळा होता. इगतपुरी आणि विरारला दोन्ही बाजूंना तार होतीच. फक्त तारेतली वीज वेगळी होती. म्हणून इथले उत्तर डिझेल-विजेचे नव्हे, तर दोन विजांचे इंजिन ठरले. १९७५ पासून चित्तरंजनच्या कारखान्याने पश्चिम रेल्वेसाठी 'डब्ल्यूसीएएम-१' बांधले. विरारजवळच्या वीजरहित तुकड्यावरून गाडी वेगाच्या भरात सरके, चालक एका पद्धतीतून दुसरीत जाई, आणि गाडी न थांबता पुढे निघे.

२२/
तडजोड इथेही होतीच. एसीसाठी लागणारे जड रोहित्र डीसी हद्दीत निव्वळ ओझे होई, आणि एसीसाठी जुळवलेले इंजिन डीसीवर कमी पडे. १९९७ नंतर भेलने मध्य रेल्वेसाठी बांधलेले 'डब्ल्यूसीएएम-३' बरेच सुधारलेले होते, तरी त्याचेही दोन आकडे वेगळेच: एसीवर ५००० अश्वशक्ती, डीसीवर ४६००. दोन धन्यांची चाकरी करणाऱ्याला एका धन्याचे काम थोडे उणेच जमते.

२३/
मग रेल्वेने ठरवले की इंजिनाला दुहेरी करत बसण्यापेक्षा शीवच पुसून टाकावी. हे काम चालू गाड्यांच्या डोक्यावर, रात्रीच्या काही तासांत, वर्षानुवर्षे चालले. २००७ पासून दोन्ही विजांवर धावणाऱ्या नव्या लोकल आल्या, म्हणून हे शक्य झाले. पश्चिम रेल्वेचा उपनगरी मार्ग २०१२ मध्ये एसीवर गेला, मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग जून २०१५ मध्ये आणि हार्बर एप्रिल २०१६ मध्ये. १९२५ मध्ये ज्या मार्गावर डीसी आले, त्याच मार्गावरून ते शेवटी गेले.

२४/
इथे दुहेरी यंत्रांचा स्वभाव स्पष्ट होतो. शीव असेपर्यंत ती अमूल्य. शीव पुसली की त्यांचा निम्मा भाग त्याच दिवशी निरुपयोगी. डब्ल्यूसीएएम इंजिने पुढे केवळ एसीवर चालवली गेली. त्यांच्यामुळे ज्या बदलाला उसंत मिळाली, त्याच बदलाने त्यांना निरर्थक केले. हे त्यांचे अपयश मानता येणार नाही. सेतू म्हणूनच ती बांधली होती.

२५/
ठाकुर्लीचे वीजघर हा बदल पाहायला उरले नव्हते. मोठ्या वीजकेंद्रांच्या आणि राज्यभरच्या जाळ्याच्या काळात त्याची जुनी यंत्रे परवडेनाशी झाली. १९८० च्या दशकात ते बंद पडले. कॉस कॉबही त्याच दशकात थंडावले. ठाकुर्लीच्या जागेवर गॅसवर चालणारे नवे केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. तो कागदावरच राहिला. रेल्वे आता वीज तयार करण्याऐवजी जाळ्यातून घेऊ लागली.

२६/
खरे डिझेल-विजेचे दुहेरी इंजिन भारतात अखेर आले, पण उशिरा. वाराणसीच्या रेल्वे कारखान्याने 'डब्ल्यूडीएपी-५' बांधले, ते रेल्वे सगळेच ब्रॉडगेज मार्ग तारेखाली आणण्याच्या मागे लागली होती तेव्हा. त्याच कारखान्याने २०१९ मध्ये जुन्या डिझेल इंजिनांचे रूपांतर करून विजेचे जोडइंजिन पुढे आणले होते. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाले. ज्या शिवेसाठी दुहेरी इंजिन हवे होते ती शीवच झपाट्याने नाहीशी होत होती, आणि त्याचे मोठे उत्पादन कधी झाले नाही.

२७/
ब्रिटनमध्ये नेमके उलट घडले. लंडनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या मार्गाचे विद्युतीकरण खर्च वाढल्याने अर्धवट थांबले. कार्डिफ–स्वॉन्सीचा टप्पा २०१७ मध्ये रद्दच झाला. त्यामुळे 'क्लास ८००' गाड्या आजही डब्यांखाली डिझेल यंत्रे घेऊन धावतात आणि तार संपली की पेंटोग्राफ खाली घेतात. दुहेरी गाडी उपलब्ध असली की उरलेली तार टांगण्याची निकड कमी होते. तात्पुरता सेतू असा कायमचा मुक्काम होऊन बसतो.

२८/
म्हणजे तारेचा विजय पूर्ण झाला का? १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवावी. कळवा–पडघा वाहिन्यांवरचा बिघाड पसरत गेला आणि दहाच्या सुमारास मुंबई महानगराची वीज गेली. कोरोनामुळे लोकल केवळ अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी चालू होत्या; त्या जागच्या जागी थांबल्या. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग सुरळीत व्हायला दोन तासांहून अधिक लागले. रुग्णालयांकडे निघालेले कर्मचारी रुळांवर उतरून चालू लागले.

२९/
कळवा आणि पडघा, दोन्ही गावे ठाकुर्लीच्या आसपासचीच. १९२९ मध्ये स्वतःचे वीजघर बांधणाऱ्यांनी स्वस्ताईबरोबर आणखी एक गोष्ट विकत घेतली होती: आपली गाडी आपल्या हातात असण्याची खात्री. जाळ्यातली वीज स्वस्त आणि मुबलक आहे. पण जाळे तुटले की सगळेच एकदम थांबतात. म्हणूनच सारे मार्ग तारेखाली आणतानाही रेल्वेने आपत्ती आणि संरक्षणाच्या गरजेसाठी काही डिझेल इंजिने राखून ठेवण्याचे धोरण धरले.

३०/
तेव्हा दोन्ही शक्ती हव्यात, हे म्हणणे चुकीचे नाही. चूक होते ती त्या दोन्ही प्रत्येक इंजिनाच्या पाठीवर लादताना. क्लास ७३ ला शेवटच्या चार रुळांपुरते डिझेल पुरले. मुंबईला शीव पुसेपर्यंत दोन विजांची इंजिने पुरली. संकटाच्या दिवसासाठी शेडमध्ये उभे असलेले डिझेल इंजिन पुरते. कोणते ओझे रोज वाहायचे आणि कोणते वेळेसाठी राखून ठेवायचे, याचा निवाडा दर पिढीला नव्याने करावा लागतो. ठाकुर्लीने तो १९२९ मध्ये आपल्या परीने केला होता.